मिक्सिंगसाठी कॉम्प्युटर असेंबल करायलोय, एसएमपीएस किती वॅटचा घ्यावा?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. मी सेलूचा, जिल्हा परभणी. लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग हा माझा धंदा. गल्लीत दोन खोल्या आहेत, पुढं फोटो काढायची जागा, मागं पत्र्याच्या खोलीत कॉम्प्युटर.

२०१७ साली कॉम्प्युटर घेतला होता. आय५-७४००, १०५० टीआय कार्ड, आणि कॅबिनेटसोबत आलेला ५०० वॅटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा). सात-आठ वर्षं त्याच्यावरच घर चाललं. या मे महिन्यात ऐन लग्नसराईत रात्री एक वाजता एक फिल्म रेंडरला (कापून जोडलेल्याची अंतिम फाइल तयार करायला) लावून बसलो होतो. अचानक पंखा जोरात फिरायला लागला, दारावरचा पिवळा बल्ब एकदम पांढरा झाला आणि कॅबिनेटमधून सुतळी बॉम्बसारखा आवाज आला. एसएमपीएस गेला, सोबत मदरबोर्ड गेला आणि हार्डडिस्कही गेली.

पैशाचं सोडा. त्या डिस्कवर एका घरच्या हळदीचं शूटिंग होतं. नवरीची आजी जात्यापाशी बसून ओव्या म्हणत होती, पूर्ण बारा मिनिटं. कॅमेऱ्याचं कार्ड मी दुसऱ्या लग्नासाठी पुसून टाकलं होतं. लग्नानंतर तीन आठवड्यांनी आजी गेल्या. नवरीच्या वडिलांना हे सांगायला त्यांच्या ओट्यावर गेलो तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, फक्त पाणी दिलं. ते माझ्या मनातून जात नाही.

आता नवीन घ्यायचा आहे. बजेट ८५ हजार, त्यातले निम्मे पतसंस्थेचे. एका दुकानानं ही यादी दिली: आय५-१२४००एफ, बी७६० मदरबोर्ड (डीडीआर५ वाला), डीडीआर४ ची १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० १२ जीबी, ५०० जीबी एनव्हीएमई (बोर्डावर बसणारी वेगवान डिस्क), आणि "कॅबिनेट विथ ५०० वॅट एसएमपीएस". दुकानदार म्हणाले, सगळं बसतं. मला भीती वाटायलीय. जाणकारांनी एकदा नजर टाका.

गोदातीर

दादा, वाचून वाईट वाटलं. मी नांदेडला बरीच वर्षं मशिनी जोडतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ही यादी आहे तशी चालूच होणार नाही. १२४०० चा एलजीए १७०० सॉकेट आणि बी७६० बोर्ड यांचं जमतं, तिथं अडचण नाही. पण डीडीआर५ च्या बोर्डात डीडीआर४ ची रॅम बसत नाही. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, जोर केला तर स्लॉट तुटतो. एलजीए १७०० मध्ये हा घोळ नेहमी होतो, कारण प्रोसेसर दोन्ही रॅम चालवतो. कोणती घ्यायची ते बोर्ड ठरवतो. डीडीआर४ च्या बोर्डांच्या नावात बहुतेक वेळा "डी४" असं लिहिलेलं असतं. बिल फाडण्याआधी मॉडेलचं पूर्ण नाव घ्या आणि कंपनीच्या साइटवर एकदा बघा. राइझनकडं (एएमडीच्या प्रोसेसरकडं) वळलात तरी हीच काळजी: एएम४ म्हणजे फक्त डीडीआर४, एएम५ म्हणजे फक्त डीडीआर५.

दुसरं, शेवटचं ते "एफ". एफ म्हणजे प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक नाही. गेम खेळणाऱ्याला त्यानं फरक पडत नाही, तुम्हाला पडू शकतो. म्हणून पुढचं सांगण्याआधी मला तीन गोष्टी हव्यात. कॅमेरा कोणत्या फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करतो? खोलीतल्या सॉकेटवर मीटर लावून सकाळ, संध्याकाळ, रात्र किती व्होल्ट दिसतात? आणि लाइट गेल्यावर मशीन कशावर चालतं?

आणखी एक. जळालेला एसएमपीएस टाकून दिला नसेल तर त्याच्या लेबलवर +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलंय ते बघून सांगा.

मोंढानाका

माझं मत थोडं वेगळं आहे. संभाजीनगरला माझ्या भावाचं महा ई-सेवा केंद्र आहे. तीन मशिनी, तिन्हीत कॅबिनेटसोबत आलेलेच एसएमपीएस, सहा वर्षं झाली, एकही गेला नाही. पाच हजार एसएमपीएसवर घालण्यापेक्षा तेच पैसे रॅमला लावावेत असं मला वाटतं. साधा माणूस किती खर्च करणार?

दुधनाकाठ

@गोदातीर, दादा, दोन दिवस मीटर लावून बघितलं.

सकाळी दहाला २०५. संध्याकाळी साडेसात-आठला १६८, एकदा १६१ पण दिसले. पहाटे चारला २५२. आमची गल्ली गावाच्या टोकाला, डीपीपासून लांब आहे.

कॅमेरा एच.२६५ मध्ये, १०-बिट ४:२:२ रेकॉर्ड करतो. जुन्या मशिनीवर हे फुटेज टाइमलाइनवर हलायचंच नाही. प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या कॉप्या करण्यातच रात्र जायची.

लाइट गेल्यावर ६०० व्हीएचा यूपीएस आहे. घराला इन्व्हर्टर आहे, ९०० व्हीए साइन वेव्ह, १५० एएचची बॅटरी.

एसएमपीएसच्या लेबलवर +१२ व्होल्ट, १६ अँपिअर लिहिलंय.

अजून एक सांगायचं राहिलं. कॅबिनेटला उघडा हात लावला की झिणझिण्या यायच्या. चप्पल घालून काम करायची सवय लागली होती.

बालाघाटी

लेकरा, हे शेवटचं वाक्य तू सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतंस. बीडकडं वायरिंगची कामं करण्यात माझी उमर गेली, म्हणून राहवत नाही.

झिणझिण्या येतात म्हणजे तुझ्या खोलीत अर्थिंग नाही. सॉकेट तीन पिनचा आहे, पण वरच्या भोकात तार नसंल, नाहीतर तार असंल आन् मागं कुठंच जोडलेली नसंल. एसएमपीएसच्या आत फेज आन् न्यूट्रल दोन्हीपासून बॉडीला छोटे कपॅसिटर असतात, लाइनचा कचरा जमिनीत सोडायला. जमीनच मिळाली नाही तर बॉडीवर निम्मं व्होल्टेज तरंगतं, म्हणजे शंभर-सव्वाशे. करंट लई बारीक असतो म्हणून माणूस वाचतो. पण एसएमपीएस आतून फुटला आन् फेज बॉडीला लागला तर वाचायची खात्री नाही.

मीटर लावून बघ. फेज-न्यूट्रल जेवढे व्होल्ट तेवढेच फेज-अर्थला यायला पाहिजेत. न्यूट्रल-अर्थला दोन-तीन व्होल्टच्या वर नको. मग शंभरचा बल्ब फेज आन् अर्थच्या मधी लाव, पूर्ण पेटला पाहिजे (घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारी स्विच असंल तर ती पडंल, ते बरोबरच आहे). नुसत्या मीटरवर जाऊ नको. सडलेली तार मीटरला बरोबर दाखवते आन् बल्ब लावला की मरते. हे काम जमत नसंल तर जाणता वायरमन बोलव.

आन् एक हात जोडून सांगतो. कोणी म्हणलं की "सॉकेटमधीच न्यूट्रलवरून अर्थ मारून देतो, झिणझिण्या बंद होतील", त्याला घरात घेऊ नको. झिणझिण्या बंद होतात, खरं आहे. पण ज्या दिवशी न्यूट्रल तुटंल त्या दिवशी कॅबिनेटवर पूर्ण २३० येईल. मी असं एक घर बघितलंय.

खड्डा कर. अडीच ते तीन मीटर खोल, जीआय पाइप, भोवती कोळसा-मीठ नाहीतर बेंटोनाइट. तुमच्याकडं काळी माती आहे ना? काळी माती उन्हाळ्यात भेगाळती, पाइपापासून सुटती, आन् अर्थिंग नेमकं मे महिन्यात मरतं. बेंटोनाइट ओल धरून ठेवतं, म्हणून काळ्या रानात मी तेच वापरतो.

दुधनाकाठ

बप्पा, बघितलं. फेज-न्यूट्रल २०१, फेज-अर्थ ६०-७० च्या आसपास हलतंय. बल्ब पेटलाच नाही. बोर्ड उघडला तर अर्थची हिरवी तार भिंतीत जाऊन संपलीय. इतकी वर्षं मी याच्यावर काम केलं.

गोदातीर

बप्पांनी जे सांगितलं ते आधी करा, पार्ट नंतर घ्या. अर्थिंग आठ दिवसांत होतं, पार्ट कुठं पळत नाहीत.

आता लेबलचं बघू. १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. बाहेर ५०० छापलंय, पण कॉम्प्युटरचं खरं काम १२ व्होल्टच्या लाइनवर चालतं: प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, पंखे, सगळं तिच्यावर. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनवर दाखवून आकडा फुगवलेला असतो. तुमचं आय५-७४०० म्हणजे ६५ वॅट, १०५० टीआय म्हणजे ७५, बोर्ड-डिस्क-पंखे मिळून ३५-४०. झाले १८० च्या आसपास. १९२ च्या एसएमपीएसवर तुम्ही रात्र-रात्र १८० चा भार ठेवत होतात, पत्र्याच्या खोलीत, त्रेचाळीस अंशांत. एवढी वर्षं टिकला हेच पुष्कळ.

@मोंढानाका भाऊ, तुमच्या भावाच्या मशिनीत ग्राफिक कार्ड नसणार. सातबारा आणि दाखले काढणारं मशीन ६०-७० वॅटच्या वर क्वचितच जातं. तिथं १९२ चा एसएमपीएस निम्म्यावरही चालत नाही. तुमचा अनुभव खोटा नाही, पण तो कार्ड असलेल्या मशिनीला लावता येत नाही.

नवीन मशिनीचा हिशोब असा. आय५-१२४०० चा पाया ६५ वॅटचा आहे, पण पूर्ण जोर लावला की इंटेलच्याच आकड्यांत ११७ पर्यंत जातो. हिशोब नेहमी मोठ्या आकड्यानं करावा, कारण रेंडर म्हणजे पूर्ण जोरच. आरटीएक्स ३०६० म्हणजे १७०. बोर्ड, रॅम, दोन डिस्क, चार पंखे यांचे ५०-६०. बेरीज साधारण ३४५. शिवाय ग्राफिक कार्ड क्षणभरासाठी आपल्या आकड्याच्या बरंच वर उसळी मारतं. ती उसळी सोसायला जागा लागते. म्हणून खरा ५५० पुरतो. एनव्हिडियाही ३०६० साठी ५५० च सांगते. मी तुम्हाला ६५० सांगेन, कारण तुमची खोली तापते आणि दोन-तीन वर्षांनी कार्ड बदलावं वाटेल. ७५० किंवा ८५० ची गरज नाही, तो पैसा डिस्कला ठेवा.

दुकानात उभं राहून लेबल वाचा. ६५० च्या चांगल्या एसएमपीएसवर +१२ व्होल्टला ५० अँपिअरच्या वर, म्हणजे सहाशेच्या पुढं वॅट लिहिलेले असतात. तिथं ३० दिसले तर ठेवून द्या. मग इनपुट बघा. "१००-२४० व्होल्ट" लिहिलेलं हवं. मागं ११५/२३० चं लाल बटण असेल तर तो तुमच्या गावासाठी नाही. बटणवाला २३० वर ठेवला तर १७०-१८० च्या खाली दम तोडतो, आणि कोणी चुकून ११५ वर केलं तर त्याच क्षणी फुटतो. १००-२४० वाल्यात अॅक्टिव्ह पीएफसी (कमी-जास्त व्होल्टेज सांभाळून घेणारं सर्किट) असतं. तो तुमचे १६१ व्होल्ट बिनतक्रार घेतो.

८० प्लसचं लोक फार विचारतात. ब्राँझ, गोल्ड ही बचतीची मोजणी आहे, मजबुतीची नाही. निम्म्या भाराला ब्राँझ साधारण ८५ टक्के आणि गोल्ड ९० टक्के वीज पुढं पोचवतो, बाकीची उष्णता होते. ३४५ वॅटवर ब्राँझ भिंतीतून ४०५ ओढेल, गोल्ड ३८५. वीस वॅटचा फरक. रोज आठ तास धरले तरी सहा दिवसांना एक युनिट. तेवढ्यासाठी गोल्ड घेऊ नका. चांगल्या घराण्याचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा ब्राँझ घ्या. जास्त व्होल्टेज, जास्त करंट, शॉर्ट सर्किट आणि जास्त तापमान या चारही संरक्षणांची नावं खोक्यावर शोधा. तुमचा जुना स्वतः मेला असता तर हरकत नव्हती. मरताना त्यानं बोर्ड आणि डिस्क सोबत नेली, कारण बाहेर जाणारं व्होल्टेज तोडणारं त्यात काही नव्हतं.

आणि कमी व्होल्टेजचा ताण लोकांच्या ध्यानात येत नाही. ४०० वॅट ओढायचेच आहेत. २३० व्होल्ट असतील तर पावणेदोन अँपिअर लागतात, १६५ ला जवळजवळ अडीच. तेवढी उष्णता एसएमपीएसच्या पहिल्याच टप्प्यात वाढते. संध्याकाळी डिम लाइट असताना रेंडर लावू नका, दहानंतर लावा.

आता एफचं. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून प्रोसेसरमधलं ग्राफिक एच.२६५ चं १०-बिट ४:२:२ स्वतः उलगडतं. आरटीएक्स ३० आणि ४० च्या पिढ्यांना हे जमत नाही, ५० च्या पिढीपासून जमायला लागलं. म्हणजे एफ घेतला असता तर नव्या मशिनीवरही प्रॉक्सी करत बसला असता. एफ नसलेला १२४०० घ्या. थोडे पैसे जास्त जातील, रात्री परत मिळतील. ग्राफिक कार्ड लावल्यावर बरेच बोर्ड आतलं ग्राफिक आपोआप बंद करतात. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन "मल्टी मॉनिटर" नावाचा पर्याय चालू करा. हे न केल्यानं "काहीच फरक पडला नाही" म्हणणारे दोघं माझ्याकडं येऊन गेलेत.

पैठणीचा_पदर

मी संभाजीनगरला डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रिकल शिकवते. दोन गोष्टी जोडते.

त्या रात्री जे झालं ते न्यूट्रल सैल झाल्याचं लक्षण दिसतं. डीपीवरून तीन फेज निघतात आणि तिन्हींचा भार सारखा नसतो. न्यूट्रल शाबूत असतो तोवर प्रत्येक घराला आपापले २३० मिळतात. तो तुटला किंवा जोडावर सैल झाला की तोल जातो. जास्त भाराच्या फेजवर लाइट डिम होते आणि हलक्या भाराच्या फेजवर चढते, टोकाला गेलं तर चारशेपर्यंत. रात्री एक वाजता तुमच्या फेजवर भार कमी होता. पंखा पळाला, बल्ब पांढरा झाला, ही त्याचीच खूण.

लाल बटणाच्या एसएमपीएसमध्ये आत दोनशे-दोनशे व्होल्टचे दोन मोठे कपॅसिटर एकापाठी एक असतात, मिळून चारशे. २३० एसीचं शिखर ३२५ व्होल्टला जातं, तिथवर ठीक. पण लाइनवर ३०० आले की शिखर ४२४ होतं. कपॅसिटर फुटणारच. तुम्ही ऐकलेला आवाज तोच असावा.

चांगला एसएमपीएसही ४०० व्होल्ट सोसत नाही. त्यासाठी मीटरजवळच्या बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. साधारण २७० च्या वर गेलं की तो घराची लाइन तोडतो आणि व्होल्टेज सुधारलं की काही वेळानं जोडतो. खालची मर्यादा बदलता येणारा घ्या आणि १५० ला ठेवा, नाहीतर तुमच्याकडं रोज संध्याकाळी घर अंधारात जाईल. टीव्ही, फ्रिज सगळंच यानं वाचतं. कॉम्प्युटरसाठी वेगळ्या स्टॅबिलायझरची गरज राहत नाही. सर्ज पट्टीचं म्हणाल तर अर्थिंग नसताना तिचं निम्मं काम बंद असतं, म्हणून बप्पांचा खड्डा आधी.

दुसरी गोष्ट यूपीएसची. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. या मापाचे बहुतेक यूपीएस ३६० वॅटचे असतात, मागं लिहिलेलं असतं. तुमचं मशीन आणि मॉनिटर मिळून चारशेच्या पुढं जाईल. लाइट गेली की तो ओरडून बंद पडेल, आणि तेही रेंडर चालू असतानाच. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात, ती अॅक्टिव्ह पीएफसीच्या काही एसएमपीएसना मानवत नाही. तुमच्याकडं साइन वेव्ह इन्व्हर्टर आहे, त्याचाच विचार करा. मागं एक बटण असेल, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला इको किंवा नॉर्मल. ते कुठं आहे?

दुधनाकाठ

ताई, बघितलं. इकोवर आहे. यूपीएसवर ठेवलं की संध्याकाळी लाइट असूनही इन्व्हर्टर बॅटरीवर जायचा आणि आठच्या मालिकेला बॅटरी संपायची, म्हणून वडिलांनी इकोवर केलं होतं.

पैठणीचा_पदर

वडिलांनी केलं ते घराच्या दृष्टीनं बरोबरच होतं. यूपीएस बाजूला इन्व्हर्टर साधारण १८० च्या खाली लाइन घेत नाही, इकोला शंभरपर्यंत घेतो. पण इकोमध्ये लाइनवरून बॅटरीवर यायला ४० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो, यूपीएस बाजूला दहाच्या आसपास. चांगला एसएमपीएस आपल्या कपॅसिटरच्या जोरावर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, हलका भार असेल तर जरा जास्त. म्हणून इकोवर पंखा अडखळतही नाही, पण कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो.

साइन वेव्हचाच १००० व्हीए, ६०० वॅटचा स्वतंत्र यूपीएस घेतलात तर हा प्रश्न सुटतो, पण तो तुमच्या बजेटबाहेर जाईल. सध्या असं करा: काम चालू असेल तेव्हा बटण यूपीएसकडं, एरवी इकोकडं. संध्याकाळी साडेसात ते दहा या वेळात मशिनीवर फक्त कटिंग करा, तेव्हा भार शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो, बॅटरी ओढून नेईल. रेंडर दहानंतर.

मांजराकाठ

मी लातूरचा, इंजिनिअरिंगला आहे. माझी चूक सांगतो, कोणाची तरी डिस्क वाचेल. मागच्या वर्षी मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा) एसएमपीएस बदलला, पण जुन्याच्या केबल आत नीट बांधलेल्या होत्या म्हणून त्याच ठेवल्या. नवीन एसएमपीएसला त्या खटकन बसल्या. बटण दाबलं आणि दोन्ही डिस्क गेल्या. एसएमपीएसच्या बाजूच्या टोकाची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही वेगळी. बसतं म्हणजे चालतं असं नाही. सेमिस्टरचा प्रोजेक्ट पुन्हा पहिल्यापासून केला.

आणि ३०६० ला आठ पिनची केबल थेट एसएमपीएसमधून यावी. डिस्कच्या चार पिनवरून आठ पिन करणारे जोड दुकानात मिळतात, ते वितळतात. आठ पिनच्या एका टोकावर १५० वॅटची अपेक्षा असते. प्रोसेसरचं टोकही आठ पिनचंच दिसतं, पण ते वेगळं. केबलवर लिहिलेलं असतं, वाचून लावा.

मोंढानाका

@गोदातीर, तुमचा मुद्दा पटला. भावाकडं जाऊन लेबल बघितलं, तिथं पण १६ च अँपिअर आहेत. कार्ड नाही, म्हणून चाललंय. पण पुढच्या महिन्यात तो एका मशिनीला ग्राफिक कार्ड टाकायच्या विचारात होता, फ्लेक्सच्या डिझाइनसाठी. थांबवलं त्याला. आणि त्याच्याकडचं अर्थिंगही उद्या बघायला लावतो.

गोदातीर

बरं केलंत भाऊ.

@दुधनाकाठ, आता पूर्ण यादी देतो. आय५-१२४००. डीडीआर४ चा बी७६० बोर्ड, चार रॅम स्लॉटचा. ३२०० ची १६ जीबीची जोडी, म्हणजे ३२. ती प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. ३०६० १२ जीबी ठेवा, नॉइज काढताना आणि कलर करताना कार्डची मेमरी जास्त लागते. १ टीबी एनव्हीएमई, बोर्डावरचा एम.२ स्लॉट एनव्हीएमई घेतो का तेवढं बघा, कारण साटावाली (जुन्या, हळू पद्धतीची) एम.२ ही दिसायला तशीच असते. एसएमपीएस ६५० वॅट ब्राँझ. कॅबिनेट समोरून जाळीचं आणि जाळी काढून धुता येईल असं. सेलूत जिनिंग आहेत, हंगामात कापसाचं तूस आत जातं. एसएमपीएस खाली बसत असेल तर पंखा खाली तोंड करून ठेवा आणि कॅबिनेट फरशीवर न ठेवता चार बोटं उंच ठेवा. कार्डची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटच्या मापात बसते का ते मोजून घ्या.

बजेट ओढून नेत असेल तर प्रोसेसर, रॅम, कार्ड काहीही एक पायरी खाली आणा. एसएमपीएस आणि दुसरी हार्डडिस्क याला हात लावू नका. एसएमपीएस मशीन वाचवेल, शूटिंग वाचवणार नाही. कार्डवरून उतरवलेलं फुटेज त्याच रात्री दोन डिस्कवर पाहिजे, त्यातली दुसरी कॉम्प्युटरला जोडून ठेवायची नाही. आणि अल्बम-पेनड्राइव्ह घरच्यांच्या हातात जाईपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड पुसायचं नाही. लग्नाला दोन कार्डं जास्त घ्या.

दुधनाकाठ

आज तीन आठवड्यांनी लिहितोय, सगळं झालं म्हणून.

आधी खड्डा केला. बाकीचे कोळसा-मीठ म्हणत होते, मी बप्पांचं ऐकून बेंटोनाइट टाकलं. आता न्यूट्रल-अर्थ १.४ व्होल्ट येतंय आणि शंभरचा बल्ब पूर्ण पेटतो. मीटरजवळ प्रोटेक्टर बसवला. परवा वादळात तो दोनदा पडला, शेजारच्यांच्या दोन ट्यूब गेल्या, आमचं काही गेलं नाही. शेजारच्या काकांनी पण आता प्रोटेक्टर मागवलाय.

बोर्ड, रॅम, कार्ड परभणी-नांदेडमध्ये मिळालं. एसएमपीएस मात्र कुठंच हवा तसा नव्हता. दोन ठिकाणी लेबल वाचायला लागलो तर "तुम्हाला कॉम्प्युटर घ्यायचाय का परीक्षा द्यायचीय" म्हणाले. शेवटी देवगिरी एक्सप्रेसनं सिकंदराबादला गेलो. चेनॉय ट्रेड सेंटरला तिसऱ्या दुकानात मिळाला, ६५० वॅट ब्राँझ, +१२ ला ५४ अँपिअर, १००-२४० व्होल्ट, पाच वर्षं वॉरंटी. बिलावर सीरियल नंबर लिहून घेतला. कॅबिनेट साधं घेतलं, प्रोसेसर मात्र एफ नसलेलाच. एकूण बजेटच्या तीन हजार वर गेलं, ते दुसऱ्या डिस्कचे.

बायोसमध्ये तो पर्याय बंदच होता. चालू केला आणि ४:२:२ चं फुटेज टाइमलाइनवर पाण्यासारखं पळायला लागलं. वायर घालून मोजायचं मीटर लावलं होतं, रेंडरला भिंतीतून २९० वॅटच्या आसपास ओढतंय. दुपारी दोनला पत्र्याखाली तासभर चालवून बघितलं, एसएमपीएसच्या मागून येणारी हवा कोमट, हात ठेवता येतो. कॅबिनेटला अनवाणी हात लावून बघितला. काहीच नाही. मग वडिलांनाही लावायला सांगितला.

जळालेली डिस्क पुण्याला दाखवायला दिली होती. प्लेट शाबूत आहेत, फक्त वरची सर्किट पट्टी जळालीय असं त्यांनी सांगितलं. पट्टी बदलून आणि जुन्या पट्टीवरची चिप तिच्यावर चढवून बघणार आहेत. मिळेलच असं म्हणाले नाहीत. नवरीच्या वडिलांना एवढंच कळवलं.

बालाघाटी

१.४ लई चांगलं आलंय. खड्ड्याच्या तोंडावर झाकण कर, लेकरं खेळतात. पावसाळ्यात काही करू नको. फेब्रुवारीनंतर दर आठवड्याला दोन घागरी पाणी त्या पाइपात ओत, आन् एप्रिलमधी एकदा बल्ब लावून पुन्हा बघ.

दुधनाकाठ

ओततो बप्पा. झाकण उद्याच करतो.

पुण्याहून आत्ता फोन आला होता. डिस्क फिरायला लागलीय, फाइली दिसायलेत. हळदीचं फोल्डर आहे. कॉपीला लावलंय म्हणाले, सकाळपर्यंत कळेल.